वळचण कुणाची?

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, अशी म्हण आहे. वळचण छपराच्या खालच्या कडेला, आढं माथ्याला. ती करणारा कृष्णाकाठचा नसावा. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या गावात पाणी आधी बोळात आलं, मग जोत्यावर चढलं, मग सोप्यात शिरलं. चौथ्या दिवशी होडीतून जाऊन आलेल्या पोरांनी सांगितलं, "आक्का, तुमच्या घराचं नुसतं आढं दिसतंय बघा."

आई तेव्हा माझ्याकडे, इचलकरंजीला होती. दोन म्हशी चुलतभावाबरोबर छावणीत. आईनं विचारलं एवढंच, "काकींचं आढं दिसतंय का?" काकी म्हणजे बोळाच्या पलीकडच्या. त्यांचं घर आमच्यापेक्षा हातभर खाली आहे.

पाणी उतरल्यावर गेलो तर मागची भिंत बसलेली. पडलेली नव्हे, बसलेली. भेंड्याची, म्हणजे कच्च्या विटांची, भिंत पाण्यात राहिली की ढासळत नाही, भिजलेल्या ढेपेसारखी खाली बसते. खोऱ्यानं चिखल ओढता ओढता त्यातच कुठेतरी भिंतीची माती मिसळून गेली. घरात एक वास होता. ज्यानं पुरानंतरचं घर धुतलंय त्याला सांगायला नको, बाकीच्यांना सांगून कळायचा नाही.

पंचनाम्याला आलेले भाऊसाहेब सभ्य होते. चिखलात उभं राहूनच त्यांनी विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?" आम्ही घरपट्टीच्या पावत्या दाखवल्या. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव होतं. आजोबा १९८७ ला गेले, वडील २०१४ ला. वर्णनाच्या रकान्यात 'मातीचे घर, कौलारू, खण ७', आणि लांबी-रुंदीचा रकाना कोरा. पंचनामा झाला, सानुग्रह अनुदानही मिळालं. पण भिंत बांधायला कर्ज हवं म्हणून मी एका बँकेत गेले, तेव्हा समोरच्या साहेबांनी तो उतारा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हा कराचा कागद आहे ताई. मालकीचा आणा."

मालकीचा कागद नव्हताच. माझ्याकडेच असं नाही, गावात कुणाकडेच नव्हता.

याचं कारण गावच्या जुन्या बोलीत आहे. गावाची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे जिच्यावर घरं बसली ती. शेकडो वर्षं घरं पडून, पुन्हा त्याच मातीतून उठून, राखुंडी-शेण मिसळून ती माती पांढुरकी झालेली असते. आमच्या आजोबांनी भिंती घातल्या त्या त्याच पांढऱ्या मातीच्या. इंग्रजी अमदानीत १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरातून जी मोजणी बसवली, ती शेतसाऱ्यासाठी. म्हणजे काळीची. साखळी टाकून गुंठा न् आणा मोजला गेला, सर्व्हे नंबर पडले, पुढे सातबारा आला. आमचा भाग संस्थानी, पण रीत तीच राहिली. पांढरी सारा देत नव्हती, म्हणून नकाशात तिच्याभोवती एक रेघ फिरवली आणि आत लिहिलं, 'गावठाण'. आत कोण राहतं, कुणाचं अंगण कुठे संपतं, ते गावानं आपसात बघावं.

गावानं बघितलंही. फक्त लिहिलं नाही.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीच्या अगदी काठाला. वरच्या अंगाला नरसोबाची वाडी, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते. खालच्या अंगाला खिद्रापूर, आणि तिथून पुढे कर्नाटक. त्यामुळे आमच्याकडे निम्म्या घरांत कानडी कळतं, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही भाषा वापरल्या जातात. मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानात वांगी होतात. वांग्याच्या भरताला कृष्णाकाठचं वांगंच पाहिजे हा आमचा दुराग्रह समजा. वर ऊस, आणि उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेली रानं. वाडीला पाणी चढून दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसं येतात, आणि तीच बातमी कानावर पडली की आमच्या गावात बायका पीठमीठ माळ्यावर ठेवायला लागतात. एकाचा सोहळा तो दुसऱ्याचा इशारा. यात मला विनोद वाटत नाही, तक्रारही नाही. नदी एकच आहे.

लहानपणी त्रिपुरी पौर्णिमेला आम्हाला बैलगाडीतून खिद्रापूरला कोपेश्वराला न्यायचे. स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध भलामोठा गोल मोकळा सोडलाय. त्यातून चंद्र बघायचा. त्याच देवळात यादवराजा सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेख आहे, देवाच्या पूजेअर्चेसाठी गाव दिल्याचा. मला त्या देवळाची आठवण या सगळ्या खटपटीत वारंवार यायची. आठशे वर्षांपूर्वी अख्खं गाव दिल्याचा लेख दगडावर आहे, आणि आमच्या सात खणांचा कागदावर नाही.

केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला जाहीर झाली. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत असा प्रयोग होऊन गेला होता. ड्रोननं गावठाणाचे फोटो घ्यायचे, त्यावरून नकाशा करायचा, घराघराची चौकशी करायची आणि मालकाला सनद आणि मिळकत पत्रिका, म्हणजे मालकीचा कागद, द्यायची. उडवायचं काम सर्व्हे ऑफ इंडियाचं, मोजणी-चौकशीचं आपल्या भूमी अभिलेख खात्याचं, आणि गावातली ओढाताण ग्रामपंचायतीची. आमच्याकडे हे पोचेपर्यंत जुलै २०२१ चा पूरही येऊन गेला होता. शासनाच्या हिशेबात निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारं पाणी आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारं. आम्ही २००५, २०१९ आणि २०२१ असे सोळा वर्षांत तीन पूर पाहिले. नदीला हा हिशेब कुणी कळवलेला दिसत नाही.

ग्रामसभा झाली. कर्ण्यावरून दवंडी फिरली की अमुक दिवशी प्रत्येकानं आपापल्या हद्दीवर चुना मारून घ्यायचा आहे, घरमालकानं हजर राहावं. भाऊ चाकणला, त्याला रजा नाही. मी आले. ग्रामसेवकांनी वहीत नाव लिहिताना विचारलं, "भाऊ नाहीत आले?" पुढच्या दीड वर्षात हा प्रश्न मला किमान दहा जणांनी विचारला. सुरुवातीला मी कारणं सांगायचे, नंतर 'मी आलेय' एवढंच म्हणायला लागले.

चुन्याचा दिवस हा या सगळ्यातला खरा दिवस. ज्यांना पुढे यातून जायचं असेल त्यांना मी हेच सांगते. ड्रोनच्या दिवशी नाही आलात तरी चालेल, चुन्याच्या दिवशी स्वतः उभे राहा. कारण त्या सकाळी गावात जे बोललं गेलं ते त्याआधी कुणी कधी मोठ्यानं बोललं नव्हतं. दोन भावांच्या मधल्या पायरीवरून तासभर. एका घराचा संडास दुसऱ्याच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, चार बोटं. मारुतीच्या देवळाजवळ एक वीरगळ आहे, अर्धी जमिनीत गेलेली. खालच्या पट्टीत गाई आणि पडलेला वीर, वरच्यात अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या. तिच्यावर आजवर कुणी हक्क सांगितला नव्हता. त्या दिवशी दोघांनी सांगितला. शेवटी चुन्याची रेघ तिला वळसा घालून गेली आणि वीर मोकळ्या जागेत राहिला.

मोजणीदार तरुण पोरगा होता, यवतमाळकडचा. परडं म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं. "आमच्याकडे त्याला सांदवाडी म्हणतात," तो म्हणाला, आणि आईला ते इतकं आवडलं की दुपारपर्यंत ती परड्याला सांदवाडीच म्हणत होती. हद्दीचं विचारल्यावर आईनं जे सांगितलं ते मात्र त्याला लिहिता येईना. आई म्हणाली, "फुडं आमच्या जोत्याची पायरी हाय तितवर. मागं शेवग्यापतोर. आन् ह्या बाजूला आमची वळचण पडती तितवर."

वळचण म्हणजे छपराचा भिंतीबाहेर आलेला भाग. पावसात तिच्या टोकाकडून पागोळ्या पडतात, आणि अंगणात त्या पागोळ्यांची एक ओळ उमटते, बारीक खळग्यांची. आमच्याकडे घराची हद्द हीच. भिंत नव्हे, पागोळीची ओळ. ज्याची वळचण त्याची तिच्याखालची जागा. ऐकायला सोपं आहे. पण आमचा बोळ साडेतीन फुटांच्याही आतला, आणि आमची वळचण दीड फूट, समोरून काकींची दीड फूट. वर दोन्ही छपरांमध्ये हातभरसुद्धा फट नाही. दोन्हीकडचं पाणी मधल्या एकाच गटारात. मग बोळ कुणाचा?

मोजणीदारानं डोकं खाजवून दोन्ही भिंतींच्या पायाशी एकेक रेघ मारली आणि म्हणाला, पुढे चौकशीत बघू. रात्री अवकाळी पाऊस आला आणि सगळ्या गावचा चुना धुऊन गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच भांडणं, पण निम्म्या वेळात. भांडणाचाही सराव होतो.

ड्रोन उडाला त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. शाळा सुटल्यासारखी पोरं मागे धावली, कुत्री भुंकली, कबुतरं पार लांब पिंपळावर जाऊन बसली. एका आजींनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, वरून कुणी बघतंय म्हणून. तासा-दीड तासात सगळं आटोपलं. घाटावर बसून मी आईला म्हटलं, शंभर वर्षांत झालं नाही ते तासात झालं. आई म्हणाली, "बघू या."

तिचं बरोबर होतं. काही महिन्यांनी कच्चा नकाशा आला, तो पंचायतीच्या भिंतीवर लावला, आणि गाव त्याच्यापुढे लग्नाच्या पंगतीसारखं उभं राहिलं. आमच्या परड्यात निळी ताडपत्री टाकलेली कडब्याची गंजी होती, तिची नकाशात शेड झाली होती. घाटाला एकूण सत्तावीस पायऱ्या, आईनं आयुष्यभर धुण्याचं घमेलं घेऊन मोजलेल्या. उडवलं त्या दिवशी राजापूर बंधाऱ्याचं पाणी तुंबलेलं, म्हणून चित्रात चौदाच दिसत होत्या. आणि बोळ नव्हता. आमचं आणि काकींचं घर एकमेकांना चिकटलेलं होतं, मधे एकच जाड रेघ. वरून बघणाऱ्याला छपरं दिसतात, भिंती दिसत नाहीत. दोन वळचणींच्या खाली एक अख्खी वाट असू शकते हे त्याला कळायचं कारणच नाही.

याच काळात कागदांची जमवाजमव चालली होती. आठ नंबरचा उतारा, जुन्यात जुनी घरपट्टीची पावती, लाइटबिल, आजोबांचा आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला, सगळ्यांची आधार कार्डं, वारसांचं प्रतिज्ञापत्र. आजोबांच्या दाखल्यातलं नाव आणि आठ नंबरमधलं नाव यांत एका काना-मात्रेचा फरक निघाला, त्यासाठी तिसरं प्रतिज्ञापत्र. एका कार्यालयात मला सलग तीन मंगळवार परत पाठवलं गेलं. चौथ्या खेपेला कळलं की पहिल्या दिवशी दिलेला अर्ज पहिल्या दिवसापासून त्यांच्याच टेबलावर बरोबर होता. त्यावर मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

घरातली जुनी पेटी २०१९ ला पाण्यात गेली होती. आतले कागद आम्ही तेव्हा दोरीवर चिमटे लावून वाळवले होते, धुण्यासारखे. त्यांत मोडीतला एक लांबोळका कागद होता. आजोबा त्याला 'घराचा कागद' म्हणायचे आणि दसऱ्याला त्याला गंध लावायचे. हाच तो, असं मला वाटलं. कोल्हापुरात मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ शोधून काढले. त्यांनी भिंग लावून सावकाश वाचला, मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. तो ज्वारीच्या उसनवारीचा हिशेब होता. आमच्या कुणा पूर्वजानं कुणाकडून किती पायल्या नेल्या आणि किती परत केल्या. शेवटच्या ओळीत बाकी राहिली होती. तीन पिढ्या आम्ही आमच्या कर्जाला गंध लावत होतो. आईला सांगितलं तर ती पोट धरून हसली आणि कागद परत पेटीत ठेवला. गेल्या दसऱ्यालाही गंध लावला.

वारसांच्या नावांचा भाग मला टाळता आला असता तर टाळला असता. आई, भाऊ आणि मी, असे तिघं. एका नातलगानं मला पंचायतीच्या पायरीवर बाजूला घेऊन समजावलं, "बाई, तू तिकडं दिल्या घरी सुखी. हक्कसोड देऊन टाक, कागद सुटसुटीत हुतो." २००५ साली आमच्याकडे दोन गोष्टी आल्या. जुलै-ऑगस्टात पूर आला आणि सप्टेंबरात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा देणारा केंद्राचा कायदा. पूर सगळ्यांच्या लक्षात आहे. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "सगळी पळापळ तू करायलीस, आणि नाव काढायचं ते तुझंच? तिघांचं लाव." मग मी त्या विषयावर पुन्हा कुणाशी बोलले नाही.

आता बोळ.

चौकशीची नोटीस आली. चौकशी अधिकारी पंचायतीत बसणार, ज्याची हरकत असेल त्यानं मांडावी. आदल्या रात्री तो नातलग पुन्हा घरी आला, या वेळी चांगला सल्ला घेऊन. "नकाशात घरं चिकटून आल्यात न्हवं? मग राहू द्या की. तुम्ही हरकत घेऊ नका, काकींनी घेऊ नये. दीड-दीड फूट दोघींच्या पदरात पडतंय. उद्या भिंती फुडं सरकवा, बोळ मिटला, कटकट मिटली."

मला मोह झाला, हे लिहिलं पाहिजे. चाळीस फूट लांबीला दीड फूट म्हणजे साठ चौरस फूट. मागच्या खोलीत पलंग बसत नव्हता, तो बसला असता. आणि आमच्याच म्हणण्याप्रमाणे वळचणीखालची जागा आमचीच होती की. मी आईकडे बघितलं. आई चुलीपुढं बसून भाकरी उलटत होती, काही बोलली नाही.

सकाळी मी काकींकडे गेले. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, कंबरेत वाकलेल्या, पण जीभ सरळ. मी आडवळणानं विषय काढला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हातारीला इसरलीस व्हय गं?"

विसरले नव्हते. २००५ ला होड्या पोचायच्या आधी गावानं गुऱ्हाळाच्या काहिली काढल्या होत्या. रस उकळायची ती लोखंडी काहील पाण्यावर छान तरंगते, गोल गोल फिरते मात्र. काकींच्या सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. काहील आणली ती बोळाच्या तोंडाला अडकली, आत येईना. मग माझ्या वडिलांनी छातीभर पाण्यातून आत जाऊन म्हातारीला पाठुंगळी घेतलं आणि दोन्ही भिंतींना हात टेकत टेकत बोळातून बाहेर काढलं. त्याच बोळातून आमच्या म्हशी निघाल्या, मागच्या आळीतली माणसं निघाली. रोजचं तर सोडाच. मागच्या पाच घरांना नदीवर जायची तीच वाट, लग्नातलं गंगेचं पाणी आणायला बायका वाजतगाजत जातात ते त्याच बोळातून, एकामागे एक, कारण दोघी शेजारून मावत नाहीत.

पंचायतीत काकी माझ्या आधी जाऊन बसल्या होत्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, "बोळ आहे याला पुरावा काय?" काकी म्हणाल्या, "सायेब, उठा. चालून बघा."

ते उठले, हे त्यांचं मोठेपण. मोजणीदार टेप घेऊन मागे. अधिकारी अंगानं चांगले भरलेले, त्यामुळे त्यांना थोडं तिरकं होऊन चालावं लागलं. बोळ आरपार ओलांडून नदीच्या तोंडाला बाहेर आले, घाट बघितला, परत फिरले. मोजणीदारानं तीन ठिकाणी टेप धरला. सरासरी तीन फूट पाच इंच. माझ्याकडे वळून अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुमचं काही म्हणणं?" मी म्हटलं, "बोळ सगळ्यांचा आहे." बोलताना पलंग डोळ्यांपुढून गेला, नाही असं नाही.

नोंद झाली ती अशी, आमची हद्द भिंतीपर्यंत, काकींची त्यांच्या भिंतीपर्यंत, मधला बोळ सार्वजनिक वहिवाटीचा. नातलग पुढे सहा महिने आमच्याशी तोलून मापून बोलत होता. कडब्याच्या शेडचीही दुरुस्ती झाली. घाटाच्या पायऱ्यांची हरकत कुणी घेतली नाही. त्या पाण्यात होत्या त्या पाण्यात आहेत.

सनद फी भरली आणि २०२३ च्या पावसाळ्याआधी सनद हातात आली. पंचायतीत छोटा कार्यक्रम झाला, गुलाबाचं फूल मिळालं. क्षेत्र १४२.३० चौरस मीटर. आईनं विचारलं, म्हणजे किती? गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, त्या हिशेबानं दीड गुंठ्याला थोडं कमी. ते तिला पटलं नाही. "खण किती लिहिल्यात?" खण लिहिलेच नव्हते. दोन तुळयांमधलं अंतर तो एक खण, घर त्यात मोजायची रीत आता सुताराबरोबर गेली. माझ्या नावात एक वेलांटी चुकली होती. तिच्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा दोन खेपा. मिळकत पत्रिकेवर आता तिघांची नावं आहेत, आईचं पहिलं.

जुलै २०२४ ला पाणी पुन्हा आलं, पण या वेळी आमच्या दुसऱ्या पायरीवर थांबलं. आईनं सनद प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून आढ्याच्या खुंटीला टांगली होती. मी फोनवर म्हटलं, "अगं, एकोणीसला आढ्यापर्यंत आलं होतं." ती म्हणाली, "मग अजून वर कुठं बांधू?"

त्या पत्रिकेवर कर्ज मिळालं, दुसऱ्या बँकेतून. गेल्या उन्हाळ्यात घर उतरवलं. मंगलोरी कौलं होती त्यांतली निम्मी धड निघाली, ती रचून ठेवली. जुन्या भिंतींची माती आईनं टाकू दिली नाही. ती परड्यात पसरली आणि तिच्यावर वांगी लावली. काळ्या दगडाचं जोतं तेवढं तसंच ठेवलं, त्याच्यावर विटांची भिंत उठवली, पत्रिकेत आहे तिथंच, बोट इकडे ना तिकडे. पुढच्या आठवड्यात छपराच्या कैच्या चढल्या.

मिस्त्री वरून वाकून म्हणाला, "ताई, बोळाकडनं वळचण किती सोडू? कागदात तर तुमची हद्द भित्तीलाच संपती."

मी खाली बोळात उभी होते. हिशेब करत होते, सरकारी जागेवर किती काढता येते, काढावी की नाही, उद्या कुणी बोट दाखवलं तर. म्हटलं, "एक फूट सोड."

काकी त्यांच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दीड सोड रं. पावसात माणसं कुठनं जातील?"

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.